अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले. मुंबईच्या उपनगरांत या म्हणीस आता तिसरे कलम जोडावयास हरकत नाही; ते असे की, घर पाहावे भाड्याने घेऊन. घर बांधणाऱ्याची दमछाक द्रव्यापायी होते, लग्न करणाऱ्याची मानपानापायी होते. परंतु अंधेरीस किंवा घाटकोपरास भाड्याचे घर शोधणाऱ्याच्या वाट्यास द्रव्य व मानपान ही दोन्ही येतात, आणि अकरा महिने उलटले की तोच प्रसंग त्याच्यापुढे पुन्हा उभा राहतो. या त्रासाविषयी घरोघर बोलणे होते; परंतु तो उत्पन्न का झाला आणि दूर कसा होईल, याचा शांतपणे विचार क्वचितच केला जातो. तो आज करावा असा आमचा मानस आहे.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. ‘उपनगर’ म्हटले म्हणजे शहराच्या वेशीबाहेरची झाडीतली निवांत वस्ती, हा अर्थ मुंबईपुरता केव्हाच जुना झाला आहे. अंधेरी व घाटकोपर १९५० साली मुंबईच्या महापालिकेत आली, बोरिवली व मुलुंड १९५७ साली आली. आणि २०११ च्या शिरगणतीत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती सुमारे ३० लाख ८५ हजार, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९३ लाख ५७ हजार भरली. म्हणजे दर चार मुंबईकरांपैकी तिघे उपनगरवासी ठरले. १९७३ साली अंधेरी पूर्वेस सीप्झ उभे राहिले, मरोळचे कारखाने वाढले, त्यांच्या मागोमाग कचेऱ्या आल्या. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू होऊन पश्चिम व मध्य या दोन रेल्वेमार्गांची उपनगरांतच गाठ पडली, आणि जानेवारी २०२३ मध्ये दहिसरहून अंधेरीस येणारे मेट्रोचे दोन्ही मार्ग पूर्ण झाले. सायंकाळी सात वाजता अंधेरी स्टेशनाबाहेर क्षणभर उभे राहावे; भाजीवाल्यांची आरोळी, रिक्षांची रांग, कचेरीतून सुटलेली माणसे आणि कचेरीस निघालेली रात्रपाळीची माणसे, हे सारे पाहिल्यावर शहराचे काळीज आता कोठे धडधडते आहे हे निराळे सांगावयास नको.

अशा गजबजलेल्या ठिकाणी जे बिऱ्हाड करावयास येतात ते चैनीखातर येत नाहीत. रात्रपाळी संपवून निघणारी परिचारिका, सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणारा कोल्हापूरचा मुलगा, बदली होऊन आलेला बँकेचा नोकर, आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी मोठ्या रुग्णालयाजवळ राहू पाहणारे कुटुंब, यांस कामाच्या जागेजवळ घर हवे असते, एवढाच त्यांचा अपराध. घर विकत घेणे त्यांस आज परवडण्यासारखे नाही. कित्येकांस ते घेण्याचे प्रयोजनही नाही, कारण दोनचार वर्षांनी त्यांस अन्यत्र जावयाचे असते. जे शहर माणसांच्या श्रमावर चालते त्या शहरास भाड्याची घरे दुकानांइतकीच व रस्त्यांइतकीच आवश्यक होत. परंतु प्रत्यक्षात काय दिसते? केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत असे नमूद आहे की, हिंदुस्थानच्या शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली शेकडा ५४ होते, ते २०११ साली शेकडा २८ वर आले. त्याच २०११ साली देशाच्या शहरांतून एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. एकीकडे कुलूप लावलेली घरे आणि दुसरीकडे घर शोधीत हिंडणारी माणसे, हा देखावा केवळ टंचाईचा नव्हे. यांत अविश्वासाचा मोठा भाग आहे. आणि हा अविश्वास आकाशातून पडलेला नसून कायद्याच्या इतिहासातून उपजलेला आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत, १९१८ साली, मुंबई इलाख्यात भाड्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात माणसांची रीघ लागली, फाळणीने निर्वासितांची भर घातली, आणि १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा जन्मास आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच ‘प्रमाणभूत भाडे’ ठरले. त्या वेळी हा कायदा योग्यच होता; तो नसता तर हजारो गरीब कुटुंबे रस्त्यावर आली असती. परंतु आजाऱ्यास दिलेली पेज तो बरा झाल्यावरही जन्मभर पाजीत राहावी, तसे पुढे झाले. अल्प मुदतीच्या त्या कायद्याची मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली आणि भाडे मात्र १९४० च्या आकड्यास खिळून राहिले. घरपट्टी वाढली, चुना-सिमेंट महागले, गवंड्याची मजुरी वाढली. भाडे तेवढे वाढेना. मालकाने डागडुजी सोडली, इमारती झिजल्या, आणि पागडी नावाचा चोरदरवाजा उघडला.

पागडीस कंटाळून लोकांनी दुसरी वाट काढली. भाडेपट्टा न करता केवळ राहण्याची परवानगी द्यावयाची, म्हणजे राहणारा भाडेकरू ठरत नाही व त्यास कायद्याचे कवच मिळत नाही. हीच ती ‘लीव्ह अँड लायसन्स’ची युक्ती. ती काही वर्षे चालली. इतक्यात १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजी असे परवाने घेऊन जे जे राहत होते ते सर्व एका रात्रीत संरक्षित भाडेकरू ठरले. परवानाधारकांस दिलासा मिळाला हे खरे. पण मालकवर्गाच्या मनात त्या दिवशी जी धास्ती बसली ती दोन पिढ्या उलटल्या तरी गेलेली नाही. “आज घरात घेतलेला मनुष्य उद्या घराचा धनी होईल,” हे वाक्य आजही मुलुंडचा निवृत्त शिक्षक आपल्या मुलास ऐकवितो, ते या अनुभवाच्या जोरावर. त्याची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून दुसरी खोली घेतली आणि तिच्या भाड्यावर म्हातारपण काढावे असा बेत केला, त्यास जमीनदार म्हणून हिणवणे हा निव्वळ अन्याय होय.

परंतु पुढे काय झाले हे या सद्गृहस्थास कोणी सांगितलेले दिसत नाही. १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अन्यायाचे व अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा तयार होऊन ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने राखले, भाड्यात दरसाल शेकडा चारची वाढ करण्यास मोकळीक दिली. आणि परवान्यावर घर देणाऱ्या मालकासाठी चोविसावे कलम घातले. या कलमान्वये परवान्याची मुदत संपताच मालकास दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या न लागता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारात जे नमूद आहे तेच निर्णायक पुरावा मानले जाते. याहून अधिक बळकट कुलूप कायद्याने मालकाच्या हाती काय द्यावे? १९७३ ची धास्ती त्या दिवशी कायद्याने संपविली. ती संपल्याची वार्ता मात्र लोकांच्या मनापर्यंत पोहोचली नाही.

आता ‘अकरा महिने’ या सुप्रसिद्ध आकड्याकडे वळू. ही मुदत कोणत्या कायद्याने ठरविली, असे दहा घरमालकांस विचारावे. दहाही जण सांगतील की, “कायद्याप्रमाणे अकराच महिन्यांचा करार होतो.” वस्तुतः असे सांगणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तो खर्च व ती यातायात टळावी म्हणून वर्षास एक महिना कमी धरून कागद करण्याचा रिवाज पडला. एवढीच या आकड्याची वंशावळ. परंतु १९९९ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने ही पळवाटच बुजविली. भाड्याचा असो वा परवान्याचा असो, करार लेखी असला पाहिजे व नोंदविला पाहिजे. ती जबाबदारी मालकाची. आणि ती त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतकेच नव्हे, तर नोंदलेला कागद नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते. म्हणजे करार अकरा महिन्यांचा असो, बावीस महिन्यांचा असो, की साठ महिन्यांचा असो, नोंदणी चुकत नाही. ज्या कारणासाठी अकराचा आकडा निघाला ते कारण २००० सालीच नाहीसे झाले. कारण गेले आणि रूढी राहिली! मांजर बांधून श्राद्ध करणाऱ्या भटजींची गोष्ट आपण हसत हसत सांगतो. पण मुंबईच्या उपनगरांत तेच मांजर दर अकरा महिन्यांनी बांधले जात आहे.

व्यापारी वाचकांनी याचा हिशेबही करून पाहावा. परवान्याच्या करारावर जी मुद्रांक फी द्यावी लागते ती मुदतीतील एकंदर भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, व परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल शेकडा दहा धरून येणारी रक्कम, यांच्या बेरजेवर शेकडा पाव रुपया इतकी असते, आणि साठ महिन्यांपर्यंतच्या करारास हाच दर लागू आहे. सबब मुदत वाढविल्याने मुद्रांकाचा दर वाढत नाही. महापालिकेच्या हद्दीतील नोंदणी फी हजार रुपये. तीन वर्षांत तीनदा कागद केला तर ती तीनदा जाते, एकदा केला तर एकदा. त्यावर दलालाची दलाली. नवे घर घेताना एक महिन्याचे भाडे ही दलाली जणू शास्त्रोक्त ठरून गेली आहे, आणि कित्येक ठिकाणी त्याच भाडेकरूचा त्याच घरातला करार नवा करावयासही दलाल हात पुढे करतो. त्यावर टेम्पो, हमाल, रंगरंगोटी. आणि मालकाच्या बाजूस घर रिकामे राहते त्या एकदोन महिन्यांचे बुडालेले भाडे. या व्यवहारात मालकाचे नुकसान, भाडेकरूचेही नुकसान. नफा कोणाचा, हे हुशार वाचकांनी ओळखावे. घरविक्रीच्या दलालांस २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणी व जबाबदारी लावली. भाड्याच्या व्यवहारातला दलाल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

पैशाचे नुकसान एक वेळ सोसता येईल. अकरा महिन्यांच्या मुदतीने होणारे खरे नुकसान निराळे आहे. ज्यास पुढच्या वर्षी आपण कोठे असू हे ठाऊक नाही, तो मुलाचे नाव जवळच्या शाळेत घालावे की न घालावे या विवंचनेत राहतो. तो मतदार यादीत पत्ता बदलण्याचा खटाटोप करीत नाही, कारण यादी छापून निघेतो पत्ता पुन्हा बदललेला असावयाचा. वॉर्डातील नळाच्या पाण्याची, गटाराची, पदपथाची त्यास आस्था वाटत नाही. शेजाऱ्याचे नाव त्यास ठाऊक होत नाही. अशी हजारो माणसे एका नगरात राहतात, पण त्या नगराचे नागरिक होत नाहीत. स्वराज्य म्हणजे दिल्लीतील वा विधानभवनातील सत्ता एवढाच अर्थ नव्हे. आपल्या गल्लीच्या कारभारात मन घालण्याइतकी पायाखालची जमीन स्थिर असणे, ही स्वराज्याची पहिली पायरी आहे. ती पायरी आम्ही अकरा महिन्यांच्या लाकडाची केली आहे.

यावर मालकवर्गाचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, भाडे दरसाल वाढवावयाचे असते. मग वाढवावे, तीन वर्षांच्या करारात दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे भाडे आरंभीच लिहून ठेवण्यास कोणी मना केली आहे? उलट दोन्ही पक्षांस आधी ठाऊक असलेली वाढ ऐनवेळच्या घासाघिशीपेक्षा शतपट बरी. दुसरा असा की, मध्येच घराची स्वतःस गरज लागली किंवा भाडेकरू वाईट निघाला तर काय? त्यासाठी एक-दोन महिन्यांच्या सूचनेने करार संपविण्याचे कलम घालता येते, भाडे थकल्यास परवाना रद्द होण्याचे कलम घालता येते. ही कलमे आजही छापील कराराच्या मसुद्यात असतात. तिसरा आक्षेप सक्षम प्राधिकाऱ्याच्या कचेरीतील विलंबाचा. तो खरा असेल तेथे त्याचा इलाज अधिक अधिकारी नेमणे हा आहे. सर्व भाडेकरूंस आगाऊच चोर समजणे हा नव्हे.

आता अनामतीविषयी. पेठेत जो व्यापारी मालाची उचल घेतो तो पावती देतो, वजन समोर करतो, आणि हिशेब मिटल्यावर शिल्लक परत करतो. न केली तर बाजारात त्याची पत राहत नाही. घर भाड्याने देणे हाही व्यापारच आहे. मग तेथे ही रीत का नसावी? तीन-तीन, सहा-सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम अनामत म्हणून घ्यावयाची, ती वर्षानुवर्षे बिनव्याजी वापरावयाची, आणि घर सोडताना भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकापासून पंख्याच्या धुळीपर्यंत प्रत्येक गोष्टीचे पैसे त्यातून कापावयाचे, हा प्रकार आमच्या वकिली अनुभवात इतका नेहमीचा आहे की, त्यास फसवणूक म्हणावे असेही कोणास वाटत नाही. रक्कम इतकी लहान की तीसाठी दावा परवडू नये, आणि इतकी मोठी की ती नसल्यामुळे पुढचे घर घेता येऊ नये. नेमक्या या सापटीत भाडेकरू सापडतो. १९९९ च्या कायद्याने अनामतीवर मर्यादा घातलेली नाही. २०२१ साली केंद्र सरकारने आदर्श भाडेदारी कायद्याचा जो मसुदा राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, व चोवीस तासांची सूचना दिल्यावाचून मालकाने घरात पाऊल टाकू नये, असे आहे. दोन्ही गोष्टी इतक्या साध्या आहेत की, त्या पाळण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

येथवर पैशाचा व मुदतीचा विचार झाला. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट चौकशीची. घर पाहावयास आलेल्या माणसास पहिला प्रश्न भाडे देशील काय हा नसतो. नाव काय, आडनाव काय, म्हणजे कोणत्यांपैकी, मांसमच्छी खाता काय, लग्न झाले आहे काय, मुलगी एकटी राहणार काय, तिला भेटावयास कोण येणार, अशा प्रश्नांची सरबत्ती दलाल व सोसायटीचे पदाधिकारी करतात. आणि मनाजोगे उत्तर न मिळाल्यास “घर कालच गेले” असे गोड शब्दांत सांगण्यात येते. मुसलमानास हे उत्तर मिळते, दलितास मिळते, एकट्या स्त्रीस मिळते. आणि २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंड पश्चिमेस एका मराठी स्त्रीस कचेरीसाठी जागा पाहू न देता महाराष्ट्रीयांस येथे जागा देत नाहीत असे सुनावले गेले, तेव्हा पोलिसांत गुन्हा दाखल होऊन सारा महाराष्ट्र खवळून उठला. खवळला ते योग्यच झाले. परंतु आमचा आपल्याच लोकांस एक प्रश्न आहे. जो अपमान आम्हांस झोंबला तोच अपमान आमच्या सोसायटीच्या दारात दुसऱ्या कोणाचा होतो, तेव्हा आमचे रक्त का तापत नाही? आपल्यावर आला तेवढाच अन्याय, आणि आपण केला तो सोसायटीचा नियम, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

अमेरिकेत व विलायतेत विद्या संपादन करून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांस राहावयास घर मिळेना. एका पारशी सराईत ओळख लपवून राहावे लागले, आणि ओळख पटताच काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांस तेथून निघावयास लावले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली जी राज्यघटना तयार झाली तिने अस्पृश्यता नष्ट केली; आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा ठरविला. परंतु धर्म, भाषा, आहार किंवा अविवाहितपणा यांच्या नावाखाली जो अटकाव होतो त्यास रोखणारे स्पष्ट कलम आमच्या कायद्यात नाही. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे व पाणवठे यांचा उल्लेख आहे, राहत्या घरांचा नाही. आणि २००५ साली एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, कायदा आहे तसा असेतोवर, संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवणे वैध मानले. अर्थात ही उणीव न्यायालयाने नव्हे, विधिमंडळाने भरून काढावयाची आहे.

इंग्लंडात एके काळी काळ्या माणसांस खोली मिळणार नाही अशा पाट्या भाड्याच्या घरांवर लागत, आणि त्या वाचून परत फिरणाऱ्यांत आमचे हिंदी विद्यार्थी व कामगार होते. तेथील १९६५ च्या पहिल्या वंशभेदविरोधी कायद्यात घरांचा समावेश नव्हता. तो १९६८ साली झाला. त्याच साली अमेरिकेनेही घर देताना वंश, वर्ण, धर्म वा मूळ राष्ट्र पाहण्यास बंदी केली. परदेशात आमच्या माणसास घर नाकारले तर आम्ही राष्ट्राचा अपमान झाला म्हणून लेख लिहितो. मग बोरिवलीत आमच्याच देशबांधवास घर नाकारणारा मनुष्य कोणत्या राष्ट्राचा मान राखीत असतो?

गृहनिर्माण संस्थांविषयी एक भ्रम दूर केला पाहिजे. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव झाला म्हणजे तो कायदा झाला, असे कित्येक सचिवांस मनापासून वाटते. भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून वाटेल तो आकार घेण्याची प्रथा होती. सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने हा आकार सेवाशुल्काच्या शेकडा दहापुरता मर्यादित केला, आणि २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. संस्थेने भाडेकरूची माहिती घ्यावी, पोलिसांत खबर दिली आहे की नाही हे पाहावे. ही सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. परंतु त्याच्या ताटात काय आहे आणि त्याच्या लग्नाचे काय झाले, ही चौकशी सुरक्षिततेत मोडत नाही. जिन्यावर गोंधळ घालणाऱ्यास, पाणी वाया घालविणाऱ्यास अवश्य जाब विचारावा. तो त्याच्या वर्तनाबद्दल विचारावा, त्याच्या जन्माबद्दल नव्हे.

न्यायाची तुला दोन पारड्यांची असते, म्हणून भाडेकरूंसही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. घर दुसऱ्याचे आहे हे त्यांनी कधी विसरू नये. भाडे ठरल्या तारखेस द्यावे, आणि रोख देण्यापेक्षा बँकेतून द्यावे, म्हणजे वादास जागा उरत नाही. करार वाचल्यावाचून सही करू नये. नोंदणीचा आग्रह आपणही धरावा, थोडे पैसे वाचावेत म्हणून मालकाच्या कच्च्या कागदास होकार देऊ नये. घरात शिरतानाच भिंती, नळ, विजेची उपकरणे यांची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुदत संपल्यावर, मनातून कितीही जड गेले तरी, दिलेला शब्द पाळून जागा सोडावी. मुदतीनंतर अडून बसणारा एक भाडेकरू आपल्यामागून येणाऱ्या शंभर प्रामाणिक माणसांची दारे बंद करीत असतो. १९७३ ची धास्ती जिवंत ठेवण्याचे पाप अशा लोकांच्या माथी आहे.

आता करावयाचे काय? राज्य सरकारने अनामतीस दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घालावी, ती परत करण्याची मुदत ठरवावी, भाड्याच्या दलालांस नोंदणी व लेखी दर बंधनकारक करावेत. आणि धर्म, जात, भाषा, आहार व वैवाहिक स्थिती यांवरून घर नाकारण्यास सहकार कायद्यात व भाडेनियंत्रण कायद्यात स्पष्ट बंदी घालावी. जेथे मालक स्वतः त्याच घरात राहून एखादी खोली देतो तेथे त्याच्या खासगी जीवनाचा विचार करून सूट ठेवावयास आमची हरकत नाही. परंतु निराळे घर बाजारात मांडल्यावर ते दुकानासारखेच सर्वांस खुले असले पाहिजे. सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवून मालकाचा अर्ज थोड्या महिन्यांत निकालात निघेल अशी व्यवस्था करावी. एका हाताने भाडेकरूस हक्क आणि दुसऱ्या हाताने मालकास निर्धास्तपणा, हे दोन्ही एकदम दिल्यावाचून कुलूपबंद घरे उघडावयाची नाहीत.

परंतु सरकारकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे हा आमचा जुना रोग आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे दुसरे घर भाड्याने दिलेले असेल, आणि कित्येकांची मुले-मुली पुण्यास, बंगळुरास वा दूर देशी भाड्याच्या घरात राहत असतील. तेथे आपल्या मुलीस जे प्रश्न विचारले जाऊ नयेत असे आपणांस वाटते, ते प्रश्न आपण येथे दुसऱ्याच्या मुलीस विचारू नयेत. पुढच्या खेपेस करार करावयाची वेळ येईल तेव्हा अकराच्या ठिकाणी छत्तीस लिहावे, अनामत दोन महिन्यांची घ्यावी, तिची पावती द्यावी, आणि आडनावाऐवजी नोकरी व पूर्वीच्या मालकाचा अभिप्राय विचारावा. यांतील एकाही गोष्टीस कायद्याची आडकाठी नाही, आणि एकीसही सरकारी हुकमाची आवश्यकता नाही. ज्या व्यापाऱ्याने वजनकाट्यात कधी खोट केली नाही, त्याने घराच्या व्यवहारातही तोच काटा वापरावा, एवढेच आमचे मागणे आहे.